खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीसाठी सम्प: आधी लाइट जाण्याचा हिशेब

सम्पचा नकाशा काढायला बसलात की कागदावर सगळ्यात आधी एक आडवी रेघ ओढा: लाइट गेल्यावर पाणी जिथवर चढेल त्या उंचीची. बाकीची मापं त्या रेघेवरून ठरतात. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं, आणि त्याची किंमत आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मोजली.

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तीन फुटी टाकी आणली, खाली स्टँडमध्ये मावेल असा अठरा इंची तयार सम्प ठेवला. दुकानदार म्हणाला, चालेल. तीन आठवडे चाललाही. मग मे महिन्यातल्या एका रात्री लाइट गेली. वरच्या टाकीत पाणी सोडणारा पाइप मी पाच इंच खोल बुडवला होता. पंप थांबला आणि तोच पाइप उलटा चालू लागला, वरचं पाणी खाली ओढू लागला. दारावर थाप पडली तेव्हा मी गाढ झोपेत होतो. "अरे, तुमच्याकडे काही फुटलंय का? माझ्या देवघराच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय." साधं पाणी असतं तर भिंत वाळली असती. हे खारं होतं. त्या भिंतीवर पुढे दोन पावसाळे पांढरा क्षार फुटत राहिला. मी दोनदा रंग लावून दिला. काकू एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागतं. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

(मराठीत 'संप' म्हटलं की हरताळ डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे सगळीकडे 'सम्प' असं लिहिलं आहे.)

सम्प म्हणजे काय, आणि तो हवाच का

मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी म्हणजे सम्प. वरच्या टाकीच्या काठाशी आलेलं पाणी ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे दातेरी काठाच्या पेटीत, सांडतं आणि स्वतःच्या वजनाने पाइपातून खाली येतं, सम्पच्या खान्यांमधून गाळत-वळत शेवटच्या खान्यात पोहोचतं, आणि तिथला रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो.

नवशिक्याला याचे फायदे तीन. एक, पाण्याचं एकूण प्रमाण वाढतं. खाऱ्या पाण्यात चुका पोटात घालायला पाण्याचा साठा लागतो, आणि १५५ लिटरपेक्षा २०० लिटर पाणी हळू बिघडतं. दोन, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), हीटर, गाळणी ही सगळी सामग्री खाली लपते. तीन, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा: रोज पाणी उडतं तेव्हा वरच्या टाकीची पातळी हलत नाही. सगळी घट सम्पच्या शेवटच्या खान्यात दिसते, त्यामुळे किती पाणी घालायचं ते एका नजरेत कळतं.

जागा, वजन, दार

पुढची सगळी मापं ३६ × १८ × १८ इंची टाकीची आहेत, कारण सुरुवातीला मी हेच माप सुचवीन. यापेक्षा लहान टाकीत खारटपणा सांभाळणं कठीण जातं, मोठी टाकी खर्चात टाकते. १० मिमी काचेची ही टाकी रिकामी असतानाच चाळीस किलोच्या वर जाते. पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि सम्प धरून सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीचा माळा असेल तर तिथे ही टाकी ठेवूच नका. स्लॅब असेल तर भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या जवळ ठेवा. आमच्याकडे बहुतेक घरांत कोटा फरशी असते. ती दिसायला सपाट वाटली तरी स्टँड ठेवण्याआधी पाणसळ लावून बघा. टाकी कलली की ओव्हरफ्लोच्या एकाच बाजूने पाणी पडतं.

स्टँड तीस इंच उंचीचा आणि आतून मधला खांब नसलेला करून घ्या. सुताराला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाराची: भरलेली टाकी वर असताना सम्प दारातून बाहेर काढता आला पाहिजे. आमच्या पहिल्या स्टँडमध्ये सम्प आधी आत ठेवून मग दाराची चौकट बसवली होती. तो बदलायची वेळ आली तेव्हा चौकट कापावी लागली.

सम्पचं माप: दोन हिशेब

मी सुचवतो ते माप २४ × १४ × १६ इंच (लांबी, रुंदी, उंची), काच ६ मिमी. आता हे माप आलं कुठून ते पाहा.

पहिला हिशेब लाइट जाण्याचा. वरच्या टाकीत एक इंच उंचीचं पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर. सम्पमध्ये एक इंच म्हणजे साडेपाच लिटर. पंप थांबला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या दातांच्या तळापर्यंत किंवा रिटर्न पाइपाच्या तोंडापर्यंत, यांतलं जे खाली असेल तिथवर, उतरतं. पाइपाचं तोंड पृष्ठभागाच्या एकच इंच खाली ठेवलं तर साडेदहा लिटर. ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपांतलं पाणी मिळवा, पंधरा लिटर धरा. सम्पमध्ये त्याने पावणेतीन इंच पाणी चढेल. चालू असताना पातळी नऊ इंचांवर असेल तर ती बारापर्यंत जाईल, आणि सोळा इंची सम्पमध्ये वर चार इंच मोकळे राहतील. आता माझं जुनं गणित करा. पाच इंच खोल पाइप म्हणजे त्रेपन्न लिटर, आणि त्या अठरा इंची सम्पमध्ये मोकळी जागा होती जेमतेम दहा लिटरची. उरलेलं काकूंच्या देवघरात.

दुसरा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत: खाली येणारा पाइप तुंबला तर? पंप चालूच राहतो आणि शेवटच्या खान्यातलं सगळं पाणी वर ढकलतो. हा खाना सहा इंच लांबीचा आणि सात इंच पाण्याचा असेल तर त्यात नऊ लिटर मावतात. म्हणजे वरच्या टाकीत काठाखाली किमान दीड इंच जागा रिकामी हवी. तेवढी असली की पंप कोरडा पडून घरघरेल, पण पाणी बाहेर येणार नाही. शेवटचा खाना फार मोठा करू नये तो याच कारणाने.

पडद्या

आतल्या काचेच्या पडद्या ५ मिमीच्या. चार लागतात. डावीकडून उजवीकडे असं समजा: पहिला खाना १० इंच, यात वरून पाणी पडतं आणि स्किमर बसतो. मग ९ इंच उंचीची पडदी. दुसरा खाना ४ इंच, यात दगड किंवा सिरॅमिक माध्यम. त्यानंतर बुडबुड्यांचा सापळा, म्हणजे सव्वा-सव्वा इंच अंतरावर तीन पडद्या: पहिली तळापासून ९ इंच, मधली तळापासून एक इंच उचललेली आणि वर पाण्याबाहेर आलेली, तिसरी तळापासून ८ इंच. पाणी पहिलीवरून जातं, दुसरीखालून वळतं, तिसरीवरून शेवटच्या खान्यात पडतं. खाली वळताना बुडबुडे मागे राहतात. शेवटचा खाना ६ इंचांचा.

तिसरी पडदी एक इंच कमी ठेवण्याचं कारण आहे. शेवटच्या खान्यात पाणी सात इंचांवर असतं. ती पडदी नऊ इंचांची ठेवली तर पाणी दोन इंच खाली कोसळतं आणि सापळ्याने पकडलेले बुडबुडे तिथेच पुन्हा तयार होतात. मग ते पंपातून वर जातात आणि टाकी सोड्यासारखी दिसू लागते.

सिलिकॉन घेताना डबा वाचा. बाथरूमसाठी विकलं जाणारं, बुरशीरोधक लिहिलेलं सिलिकॉन घेऊ नका. बुरशी मारणारं ते रसायन पाण्यात उतरतं. लावल्यावर व्हिनेगरचा वास येतो ते साधं काचेचं सिलिकॉन चालतं, पण वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पाणी भरू नका. पडद्या सम्पच्या अंगाला बसवण्याआधी काच स्पिरिटने पुसा आणि हात लावू नका. पडद्यांच्या कडा घासून घ्यायला सांगा. पुढे वर्षानुवर्षं त्या फटींत तुमचेच हात जाणार आहेत. काचेचं काम नको असेल तर इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅक्रिलिकचं काम करणारे आहेत. अ‍ॅक्रिलिक हलकं पडतं, पण पाण्याच्या दाबाने पोटात फुगतं, म्हणून वरच्या कडेला पट्टी बसवून घ्यावी लागते.

छिद्रं आणि पाइप

टाकीला छिद्र पाडायचं असेल तर काचवाल्याला आधी एकच प्रश्न विचारा: काच साधी आहे की टफन? टफन काचेला छिद्र पाडायला गेलात तर तिचे क्षणात तुकडे होतात. साध्या काचेला हिऱ्याच्या कटरने, पाणी सोडत, हळू छिद्र पाडता येतं. काठापासून छिद्राच्या व्यासाइतकं तरी अंतर ठेवा. छिद्र न पाडता काठावर अडकवायचे सायफनवाले ओव्हरफ्लो मिळतात, पण त्यांच्यात हवा साठून सायफन तुटला की लाइट आल्यावर तो पुन्हा सुरू होत नाही, आणि पंप मात्र सुरू होतो. नवशिक्याला मी ते सुचवणार नाही.

छिद्रात बसतो तो भाग हार्डवेअरच्या दुकानात 'टँक निपल' म्हणून मिळतो. एक इंची, यूपीव्हीसीचाच मागा. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीसाठी पितळी निपल सर्रास देतात. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात तांबं झिरपलं की कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात. हाच नियम व्हॉल्व्हला, क्लिपांना, स्क्रूंना: पाण्याला लागेल तिथे धातू नको. निपल आधी विकत घ्या आणि तो घेऊनच काचवाल्याकडे जा, म्हणजे छिद्राचं माप अंदाजाने ठरणार नाही. रबरी वायसर निपलच्या कॉलरच्या बाजूला, पाण्याच्या अंगाला. हाताने आवळा, वर पाव फेरा द्या, बस्स. पाना लावून आवळलेला निपल काच तडकवतो.

खाली येणारे पाइप दोन घ्या. एकाच पाइपाने काम भागतं असं सांगणारे भेटतील. माझ्या मते दुसरा पाइप हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त विमा आहे. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून चालतो. त्यावर, सम्पजवळ, गेट व्हॉल्व्ह. पाइपात हवा शिरायची थांबेपर्यंत आणि आवाज नाहीसा होईपर्यंत व्हॉल्व्ह जरा जरा बंद करत आणायचा. बॉल व्हॉल्व्हने हे जमतं, पण केसभर फिरवला तरी पातळी खूप हलते. गेट व्हॉल्व्हवर जास्तीचे पैसे घाला. दुसरा पाइप ओव्हरफ्लोच्या पेटीत पहिल्यापेक्षा उंच ठेवलेला, एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली तर पाणी चढून या दुसऱ्यात पडतं आणि खळखळाट करून तुम्हाला जागं करतं. या दुसऱ्या पाइपावर कधीही व्हॉल्व्ह बसवू नका.

पहिल्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात एक इंचच बुडालेलं असावं. जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर पाइपातल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पाणी धापा टाकत उतरतं.

पंप आणि परतीचा पाइप

सम्पमधून ताशी टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे. आपल्या टाकीला ते ताशी ६५० ते ८०० लिटर होतं. पण पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत चार फुटांची चढण आणि दोन-तीन एल्बो आले की त्यातलं निम्मं उरतं. म्हणून खोक्यावर ताशी २००० लिटर आणि कमाल चढण अडीच मीटर लिहिलेला पंप घ्या. डीसी पंप मिळाला तर उत्तम. त्याचा वेग कमी-जास्त करता येतो आणि पुढे बॅटरीवरही चालतो. खरा प्रवाह बादलीने मोजा: परतीचा पाइप दहा लिटरच्या बादलीत धरा, घड्याळ लावा. ४८ सेकंदांत भरली तर ताशी ७५० लिटर. टाकीतली लाट निर्माण करणं हे वेव्हमेकरचं काम आहे, ते रिटर्न पंपावर लादू नका.

परतीच्या पाइपाला, पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, तीन-चार मिमीचं एक छिद्र पाडा. पंप थांबून पातळी त्या छिद्राखाली गेली की त्यातून हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. हे छिद्र महिन्यातून एकदा दाताच्या जुन्या ब्रशने साफ करायचं. शेवाळ आणि क्षार त्यात भरतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून हे काम टाळता येईल असं वाटतं, पण खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्याखाली क्षाराचा एक कण अडकला तरी तो गळतो. लावायचा तर लावा, सम्पची मोकळी जागा मात्र तो नाही असं धरूनच ठेवा. पंपाजवळ एक युनियन (हाताने उघडता येणारा पाइपाचा जोड) बसवली की पुढे पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागत नाही.

खान्यांत काय ठेवायचं

पहिल्या खान्यात पाणी पडतं तिथे २०० मायक्रॉनची गाळणपिशवी. ती दर तीन-चार दिवसांनी बदलायची. दोन आठवडे तशीच राहिलेली पिशवी म्हणजे सडणाऱ्या अन्नाची पोटली. धुताना साबण नको, नुसतं जोराचं पाणी. रोजच्या धबडग्यात हे होणार नाही असं वाटत असेल तर पिशवी लावूच नका, घाण सम्पच्या तळाशी बसू द्या आणि पंधरा दिवसांनी नळीने ओढून काढा.

स्किमर बारीक बुडबुड्यांचा फेस करतो. माशांच्या विष्ठेतले आणि उरलेल्या अन्नातले प्रथिनांसारखे पदार्थ हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमतात. घाण सडण्याआधीच बाहेर पडते, हे त्याचं महत्त्व. प्रत्येक स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. आपल्या खान्यात नऊ इंच आहे. तुमच्या स्किमरला सात हवं असेल तर खोट्या छतातल्या दिव्यांवर बसवतात ती प्लास्टिकची चौकडी जाळी कापून त्याच्याखाली ठेवा. नवा स्किमर पहिले एक-दोन आठवडे वेड्यासारखा भरून वाहतो किंवा काहीच काढत नाही. त्याला हात लावू नका.

दुसऱ्या खान्यात सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक. त्याच्या पृष्ठभागावर जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगड कोरडा, तयार केलेला घ्या. कच्छच्या आखातात, जामनगरजवळ, १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या पिरोटन बेटावर फिरायला गेलेली माणसं तिथून प्रवाळाचा तुकडा उचलून आणतात आणि टाकीत ठेवतात. प्रवाळखडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. मेलेला वाटणारा तुकडाही उचलू नका. त्याच्यावर आणि त्याच्या फटींत कितीतरी जीव राहत असतात.

आपला उन्हाळा

इंग्रजी पुस्तकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. वडोदऱ्यात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. खरी लढाई एप्रिल-मेची, बाहेर ४२-४३ अंश असतानाची. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. ३० च्या वर गेलं की पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना तोच जास्त लागतो.

सम्पच्या पाण्यावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा हा यावरचा पहिला उपाय. एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता घेऊन जातं की २०० लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरावं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, पाणी उडत नाही आणि पंखा नुसता फिरतो. तेव्हा स्टँडची मागची बाजू उघडी असणं उपयोगी पडतं. प्रवाळ ठेवायचा विचार असेल तर चिलरसाठी पैसे बाजूला ठेवायला आत्ताच सुरुवात करा.

उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. आपल्या शेवटच्या खान्यात एक इंच म्हणजे सव्वा लिटर, आणि पंखा लावल्यावर दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडतं. ती पातळी रोज सकाळी मार्करच्या रेघेपर्यंत आणायची. हे काम करणारं स्वयंचलित भरणी यंत्र मिळतं. घेतलंत तर त्याच्या साठ्याची बादली दहा लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. तरंगता स्विच अडकला तर तेवढंच पाणी आत जाईल.

वीज

टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, हवाच. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि तुमचे हात रोज त्यात जाणार. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगऐवजी जमिनीवर पडतो. एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या तळाशी ठेवू नका, बाहेर भिंतीवर वर लावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर रिटर्न पंप टाकण्याआधी वेव्हमेकर किंवा हवेचा पंप टाका. लाइट गेल्यावर मासे गुदमरतात ते पाणी हलायचं थांबल्यामुळे. उत्तरायणाला, १४-१५ जानेवारीला, तारांत पतंगाचे मांजे अडकून तासन् तास लाइट जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप त्याआधी घरात आणून ठेवा.

साध्या पाण्याने चाचणी

मीठ घालायची घाई करू नका. सम्प एकटा, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला तर कुठे, ते लगेच दिसतं. मग सगळं जोडा, वर पाणी भरा, पंप सुरू करा, व्हॉल्व्ह बसवा, आणि शेवटच्या खान्यात सात इंचांवर रेघ मारा.

आता प्लग काढा.

बघत उभे राहा. पाणी उतरतं, सम्प चढतो, कुठेतरी थांबतो. थांबला तिथे लाल मार्करने दुसरी रेघ. प्लग पुन्हा लावा: मुख्य पाइपाचा सायफन मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप पकडला पाहिजे. हे दहा वेळा करा, रात्रीही एकदा करा. एकदा परतीच्या पाइपाचं ते छोटं छिद्र बोटाने बंद धरून प्लग काढा आणि पाणी कुठे जातं ते पाहा. तरीही सम्प भरून वाहता कामा नये. वाहत असेल तर पाइपाचं तोंड आणखी वर घ्या. मग दुसऱ्या हिशेबाची चाचणी: पंप चालू ठेवून मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. कोरड्या पाइपाने एकट्याने सगळं पाणी पेललं पाहिजे. त्याचंही तोंड फडक्याने बंद करा आणि पंप कोरडा पडेपर्यंत टाकीचा काठ बघा. हे करताना माझे हात थरथरले होते, पण त्या दिवसानंतर मला लाइट गेल्यावर शांत झोप लागते.

पाणी आणि मीठ

चाचणीचं पाणी काढून टाका. भरायचं पाणी आरओ-डीआयचं, टीडीएस शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी चालत नाही. त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात आणि मीटर पन्नास-शंभर दाखवतो. आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची, नळकांडी जोडली की काम होतं. समुद्राचं पाणी आणायचा मोह होतो, कारण कावी-कंबोईचा किनारा इथून दोन तासांच्या आत आहे. स्तंभेश्वराचं लिंग भरतीत बुडताना पाहिलं असेल तर ते पाणी कसं असतं हे तुम्हाला माहीत आहे: खंबातच्या आखाताचा गढूळ, नद्यांच्या गाळाने भरलेला प्रवाह. टाकीला ते नको.

मत्स्यालयासाठी केलेलं मीठ घ्या, लिटरला सुमारे ३७ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला साडेसात किलोच्या आसपास. घरच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं. पहिल्या वेळी टाकीतच मिसळलं तरी चालतं, आत जीव नसतो. एक दिवस फिरू द्या आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजा: दर हजारी ३५ भाग, किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६. हे यंत्र ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या, साध्या पाण्यावर जुळवलं तर ते नेमकं आपल्याला हव्या त्या आकड्याशी चुकू शकतं.

यापुढे चार ते सहा आठवडे, दगडावर ते जिवाणू वाढेपर्यंत, मासा आणायचा नाही. अमोनियाचे थेंब घालून दोन पीपीएमपर्यंत आणा आणि दर दोन दिवसांनी चाचणी करा. अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं, नायट्रेट दिसू लागतं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य असलं की पाणी बदला आणि क्लाउनफिशची एक जोडी आणा. विचारून, हॅचरीत वाढवलेली घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घ्यायचं कारण उरत नाही.

एक काम राहिलं. स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, तुम्ही गावाला गेल्यावर घरच्यांसाठी. आमच्या कागदावर आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलंय: रोज सकाळी निळ्या रेघेपर्यंत पांढऱ्या कॅनमधलं पाणी. खळखळ आवाज आला तर पाइप तुंबलाय, 'पंप' लिहिलेला स्विच बंद कर आणि मला फोन कर. लाइट गेली की पाणी लाल रेघेपर्यंत चढेल, काही करू नकोस. लाल रेघेच्या वर गेलं तर खालच्या काकूंना आधी सांग, मग मला.